दारू, खिसा आणि यकृत: काटकसरीने राहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दूध, किराणा, वीजबिल, मुलांची फी असं सगळं वहीत लिहिणाऱ्या घरांतही दारूचे पैसे बहुतेक वेळा 'किरकोळ' या ओळीत जातात. ती ओळ उघडून बघायची असेल त्यांच्यासाठी हे पान आहे. दर आणि नियम महाराष्ट्रातले आहेत. शरीराचे नियम सगळीकडे सारखेच.

दारूचा महिन्याचा खरा खर्च कसा काढायचा?

बाटलीच्या किमतीवर थांबू नका. एका 'बसण्या'चा पूर्ण खर्च काढा आणि वर्षातल्या बसण्यांनी गुणा.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं. तेव्हा १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत देशीला ८० रुपये, राज्यातच धान्यापासून बनणाऱ्या नव्या 'महाराष्ट्र मेड लिकर'ला १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याला (इथेच बनणारी व्हिस्की, रम वगैरे) २०५ आणि विदेशी प्रीमियम ब्रँडला ३६० रुपये अशी ठरली. हे तळाचे आकडे आहेत, बहुतेक ब्रँड याहून महाग असतात. तरी हिशेबाला २०५ धरू. क्वार्टर (१८० मिलीची बाटली) २०५, सोडा-पाणी ४०, चखना १००, म्हणजे घरी बसून ३४५ रुपये. आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ वेळा: ३५,८८० रुपये. महिन्याला जवळजवळ तीन हजार.

परमिट रूममध्ये तीच क्वार्टर सहसा दीडपट ते दुप्पट दराने पडते. नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या मद्यावर ५ ऐवजी १० टक्के व्हॅट आहे. त्यावर जेवण, टिप आणि परतीची रिक्षा. मद्य जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे बिलात खाण्याचा कर वेगळा आणि दारूचा वेगळा दिसतो. तो बघायची सवय लावा, कारण 'जेवणाचं बिल' म्हणून वहीत लिहिलेल्या रकमेत निम्म्याहून जास्त दारू असू शकते.

बहुतेक जण नंतरचा खर्च धरतच नाहीत. दुसऱ्या दिवशीची बुडालेली रोजंदारी किंवा अर्धी रजा, डोकेदुखीची गोळी, पोहे-मिसळ बाहेरून मागवणं, रात्री अकरानंतर भावनेच्या भरात दिलेली उसनवारी किंवा ऑनलाइन खरेदी. तीन महिने हे वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहा. आमच्या मते बाटलीची किंमत हा या हिशेबातला सगळ्यांत प्रामाणिक आकडा आहे, कारण तो निदान छापलेला तरी असतो.

'थोडीशीच घेतो' म्हणजे नेमकी किती?

पेग, ग्लास, बाटली ही मापं फसवी आहेत. शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मोजा: मिली गुणिले लेबलवरचे टक्के गुणिले ०.००८. (नेमका गुणांक ०.००७८९ आहे, पण पाढ्याला ०.००८ सोपा.)

आपल्याकडची व्हिस्की, रम, ब्रँडी सहसा ४२.८ टक्क्यांची असते. म्हणून ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम, नव्वदमध्ये ३०, क्वार्टरमध्ये ६१ ग्रॅम. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर ६५० मिली घेतली तर ४१ ग्रॅम. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा माणूस एका बाटलीत चार छोटे पेग संपवतो. ५ टक्क्यांची माइल्ड तेवढीच घेतली तर २६ ग्रॅम. वाइनचा १५० मिलीचा ग्लास १२.५ टक्क्यांनी १५ ग्रॅमच्या आसपास. देशीच्या आणि फेणीच्या बाटलीवरचे टक्के वाचूनच गुणाकार करा.

घरी ओतताना अंदाज हमखास चुकतो. रुंद ग्लासात ६० मिली अगदीच कमी दिसतात, म्हणून हात ८०-९० पर्यंत जातो. ७५० मिलीच्या खंब्यातून साडेबारा मोठे पेग निघायला हवेत. तुमच्या घरी आठ-नऊच निघत असतील तर उत्तर मिळालं. मापासाठी वेगळा खर्च नको. खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं टोपण धुऊन ठेवा, तीनदा भरलं की छोटा पेग.

स्वस्त ब्रँड किंवा मोठी बाटली घेतली तर बचत होत नाही का?

कागदावर होते. खंब्याच्या किमतीला ७५० ने आणि क्वार्टरच्या किमतीला १८० ने भागा. मोठी बाटली मिलीमागे स्वस्त पडलीच, तर थोडीच. पण तांदळाचं पोतं आणि दारूचा खंबा यांत फरक आहे. पोतं घरात आहे म्हणून कुणी चार वाट्या भात जास्त खात नाही. क्वार्टर संपली की उठून, चप्पल घालून दुकानात जावं लागतं आणि तोवर दुकान बंदही झालेलं असतं. हा अडथळाच तुमची बचत करतो. खंबा तो अडथळा काढून टाकतो.

ब्रँड उतरवण्याचंही तसंच. पैसे तेवढेच राहतात आणि ग्रॅम वाढतात. यकृताला ब्रँड कळत नाही, ग्रॅम कळतात. उलटा मार्ग बरा: आवडीचं, थोडं महाग, पण महिन्यातून दोनदा आणि क्वार्टरऐवजी नव्वद.

गोव्याहून आणली तर?

गोव्यात शुल्क कमी असल्यामुळे बाटली स्वस्त मिळते, हे खरं. पण परवानगीशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि उत्पादन शुल्क विभाग सीमेवर गाड्या तपासतो. बाटली जप्त, प्रसंगी गाडीही जप्त. हजार-दोन हजार वाचवायला हा जुगार काटकसरीत बसत नाही.

परमिट खरंच लागतं का?

हो. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो: विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा ५ रुपये, देशीचा २ रुपये, वर्षाचा १०० आणि आजीवन १,०००. बिअर-वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मध्ये लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली.

घरीच गाळली किंवा हातभट्टीची घेतली तर किती वाचेल?

घरी दारू बनवणं बेकायदा आहे, एवढं पुरे. हातभट्टीचा धोका मात्र नीट समजून घ्या. नशा लवकर चढावी किंवा माल वाढावा म्हणून तिच्यात मिथेनॉल मिसळलं जातं. ते वासाने, चवीने किंवा रंगाने ओळखता येत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसेवर जातं. लक्षणं दिसायला बारा ते चोवीस तास लागू शकतात, त्यामुळे 'काल प्यायलो, काही झालं नाही' हा भरवसा खोटा ठरतो. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये अशा दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. धूसर दिसणं, डोळ्यांपुढे पांढरं येणं, जोराची उलटी, पोटात कळ यांतलं काहीही झालं तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

किती घेतली तर शरीराला चालते?

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं: पूर्ण सुरक्षित अशी मात्रा नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्याला १९८८ सालीच पहिल्या, म्हणजे कर्करोग नक्की घडवणाऱ्या, गटात टाकलं, तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसच्या शेजारी. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध सिद्ध आहे. सोबत तंबाखू किंवा गुटखा असेल तर तोंड आणि अन्ननलिकेचा धोका नुसता बेरजेने नव्हे, त्याहून वेगाने वाढतो.

याचा अर्थ वर्षातून दोनदा घेणारा आणि रोज क्वार्टर घेणारा सारखेच, असा नाही. धोका ग्रॅमबरोबर चढत जातो. शून्यावर यायचं नसेल तरी निम्म्यावर येण्याचा फायदा खरा आहे. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच पेगने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. गरोदरपणात एक थेंबही नको.

रेड वाइन हृदयाला चांगली ना?

जुन्या पाहण्यांत थोडी पिणारे लोक न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसायचे. गोम अशी की 'न पिणाऱ्यां'त आजारपणामुळे सोडलेलेही मोजले गेले होते, आणि थोडी पिणारे बऱ्याचदा सुखवस्तू होते. हे वगळून पाहिलं की फायदा विरतो. रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता मात्र दारूने वाढते. हृदयासाठी पैसे खर्च करायचे असतील तर चालायचे बूट घ्या.

झोप तरी चांगली लागते ना?

लवकर लागते, चांगली लागत नाही. पहिल्या काही तासांनंतर, दारू उतरू लागली की झोप तुटते, लघवीला उठावं लागतं, स्वप्नांची झोप कमी होते. पहाटे तीन-चारला डोळे टक्क उघडे राहणं हे वयाचं लक्षण समजणाऱ्यांनी पंधरा दिवस न घेता बघावं.

वजनाचा काय संबंध?

एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे ७ कॅलरी. क्वार्टर म्हणजे सव्वाचारशे, साधारण चार पोळ्या, आणि फरसाण वेगळं.

कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात? महागड्या पॅकेजची गरज आहे का?

नाही. यकृताच्या तपासण्या (एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स, बिलिरुबिन, अल्ब्युमिन), सोबत जीजीटी हे आणखी एक एन्झाइम, आणि रक्ताचा साधा हिमोग्राम एवढं पहिल्या टप्प्याला पुरतं. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, जीजीटी वाढलेलं आणि हिमोग्राममधला एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) शंभरच्या वर, हे तिन्ही एकत्र आले की डॉक्टरांना दारूचा संशय येतो. तुम्ही 'कधीतरी' म्हणालात तरी येतो. दुसरा टप्पा पोटाची सोनोग्राफी. जिल्हा रुग्णालयात हे अगदी कमी पैशांत किंवा मोफत होतं.

एक सापळा आहे. अहवाल नॉर्मल आला म्हणजे यकृत ठणठणीत, असं नाही. यकृत बरंच बिघडेपर्यंत निमूट काम करत राहतं, आणि सिरॉसिस (व्रण पडून यकृत कडक होणं) झाल्यावरही एन्झाइम्स जवळजवळ नॉर्मल असू शकतात. पायांवर सूज, पोटात पाणी, डोळे पिवळे, रक्ताची किंवा डांबरासारखी काळी शौच दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. दारूमुळे यकृतावर नुसती चरबी साठली असेल तर बंद केल्यावर काही आठवड्यांत ती उतरू शकते. सिरॉसिसचे व्रण मात्र सहसा पुसले जात नाहीत. शेवटी यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली तर खासगी रुग्णालयात खर्च वीस लाखांच्या घरात जातो.

आरोग्य विमा आहे, मग काळजी कसली?

पॉलिसीतला अपवादांचा भाग वाचा. दारूच्या व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळणारं कलम प्रमाणित स्वरूपात बहुतेक पॉलिसींत असतं. डिस्चार्ज कार्डवर 'मद्यामुळे झालेला यकृताचा आजार' असं लिहिलं गेलं की दावा अडतो. म्हणून डॉक्टरांपासून लपवायचं, असा मात्र अर्थ काढू नका. चुकीच्या माहितीवर भूल दिली जाणं त्याहून महाग पडतं.

मुदत विमा घेताना अर्जात पिण्याबद्दल विचारतात. हप्ता थोडा वाढतो म्हणून 'नाही' लिहिलं, तर पहिल्या तीन वर्षांत मृत्यू झाल्यास कंपनी तेच कारण पुढे करते. खरं लिहा. वाढीव हप्ता हाही दारूच्याच खात्यात मांडा.

एक बिअर घेऊन गाडी चालवली तर?

मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या पुरुषाला साधारण १४ ग्रॅममध्येच ती गाठता येते, म्हणजे दीड छोटा पेग. एका स्ट्राँग बिअरने आकडा ८५ च्या आसपास जाऊ शकतो. शरीर तासाला साधारण १५ ने तो उतरवतं. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग बदलत नाही. क्वार्टर संपवून रात्री बाराला झोपलेला माणूस सकाळी सहाला दुचाकीवर बसतो तेव्हा तो मर्यादेच्या वर असू शकतो.

पहिल्या गुन्ह्याला दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पंधरा हजार दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी फेटाळते. रिक्षाचे दीडशे रुपये हा या पानावरचा सगळ्यांत स्वस्त विमा.

गोळ्या चालू असताना घेतली तर?

साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिनवर असताना, विशेषतः न जेवता घेतली, तर साखर धोकादायक खाली जाते. ती लक्षणं नशेसारखीच दिसतात, म्हणून घरचे झोपू देतात आणि घात होतो. मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गावरच्या गोळीसोबत उलट्या आणि धडधड होऊ शकते. झोपेच्या गोळीसोबत श्वास मंदावतो. रोज पिणाऱ्याने डोकेदुखीवर पॅरासिटामॉलची पूर्ण मात्रा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. आणि हँगओव्हरवर 'उतारा' म्हणून सकाळी पुन्हा पेग घेणं हा उपाय नाही, ती व्यसनाची खूण आहे.

मी व्यसनी आहे की नुसता 'सोशल'?

तीन प्रश्नांची एक जगभर वापरली जाणारी चाचणी आहे.

पहिला, किती वेळा पिता: कधीच नाही ०, महिन्यातून एकदा किंवा कमी १, महिन्यात दोन ते चारदा २, आठवड्यात दोन-तीनदा ३, चार किंवा जास्त वेळा ४.

दुसरा, एका बैठकीत किती: एक-दोन छोटे पेग ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा किंवा जास्त ४.

तिसरा, सहा किंवा जास्त पेग एका बैठकीत किती वेळा होतात: कधीच नाही ०, महिन्याहून कमी १, दरमहा २, दर आठवड्याला ३, रोज किंवा जवळजवळ रोज ४.

पुरुषांना बेरीज ४, स्त्रियांना ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलावं. वरच्या हिशेबातला आठवड्यातून दोन क्वार्टरचा माणूस ३ अधिक २ अधिक ३, म्हणजे ८ वर पोचतो. तो स्वतःला सोशलच म्हणत असतो.

उद्यापासून एकदम बंद केली तर?

कधीतरी घेणाऱ्याने खुशाल करावी. रोज घेणाऱ्याने, सकाळी हात थरथरणाऱ्याने किंवा आधी सोडताना फिट आलेल्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पैसे वाचवण्याच्या उत्साहात नेमकी हीच चूक होते.

मेंदूला रोजच्या दारूची सवय झालेली असते, ती काढून घेतली की तो उसळतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं, ताप. उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या उतरत्या मात्रेत देतात, सोबत बी-१ म्हणजे थायमिन. घरच्यांनी एक गोष्ट आग्रहाने सांगावी: थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवू नका. कुपोषित पिणाऱ्याच्या मेंदूला त्यातून कायमची इजा होऊ शकते.

'न सांगता दारू सोडवा' अशी पावडर जेवणात मिसळली तर?

अजिबात नको. अशा पुड्यांत काय आहे हे कुणी सांगत नाही. काही घरांत डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाची गोळी कुटून भाजीत घालतात. ती पोटात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदयाचा त्रास असलेला दगावूही शकतो. ती गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

व्यसनमुक्तीचा खर्च परवडेल का?

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-मदत गटाच्या सभांना फी नाही. बऱ्याच शहरांत मराठीतून सभा होतात. सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ यांवर फोन मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात केसपेपरच्या पैशांत किंवा मोफत सुरुवात करता येते. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं. खासगी केंद्र निवडताना आत मनोविकारतज्ज्ञ आहेत का, नोंदणी आहे का आणि नातेवाइकांना भेटू देतात का, हे तीन प्रश्न आधी विचारा.

मित्र 'बसूया' म्हणतात. चिकट ठरू नये म्हणून काय करायचं?

बिल समान वाटायची पद्धत न पिणाऱ्याला लुटते, म्हणून आधीच टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) ठरवा. बसल्या बसल्या पहिली ऑर्डर तुमचीच द्या, लाइम सोडा किंवा सोलकढी. हातात ग्लास असला की आग्रह कमी होतो. कारणं सांगत बसू नका, प्रत्येक कारणाला समोरच्याकडे तोड असते. 'सगळेच पितात' हेही खरं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले १५ वर्षांवरचे सुमारे १९ टक्के पुरुष आणि एक-दीड टक्का स्त्रिया पितात असं दिसलं. गटारी आणि थर्टी फर्स्टला आकडा वेगळा वाटतो, एवढंच.

वाचलेले पैसे दिसतच नाहीत, जातात कुठे?

खात्यात पडून राहिले की जातात. बसायचे वार शुक्रवार-शनिवार असतील तर त्या त्या दिवशीच ३४५ रुपये वेगळ्या खात्यात टाका. महिना तीन हजार ७ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत दहा वर्षं ठेवले तर ३ लाख ६० हजारांचे सुमारे ५ लाख २१ हजार होतात (व्याजावरचा कर सोडून). पीपीएफमध्ये वर्षाला ३६ हजार, ७.१ टक्क्यांचा दर तसाच राहिला तर, पंधरा वर्षांत सुमारे ९ लाख ७६ हजार. शून्यावर न येता निम्म्यावर आलात तर आकडेही निम्मे, तरी वाईट नाहीत.

घरात उरलेल्या बाटल्यांचं काय करू?

मोरीत ओता. सॅनिटायझर म्हणून ठेवू नका. त्याला किमान ६० टक्के अल्कोहोल लागतं आणि बाटलीत ४२.८ असतं. 'पाहुण्यांसाठी' म्हणून कपाटात ठेवलेली बाटली पाहुण्यांच्या आधीच संपते. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडे द्या, झाकण तोडून, म्हणजे त्यांत कुणी नकली माल भरणार नाही.